धार्मिक कथाकाव्यातले महाकाव्याचे संकेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामकथा, कृष्णकथा, ख्रिस्तकथा पद्यातून विस्ताराने सांगणारे मोठे ग्रंथ वाचायला घेतले की तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा पडतात. सुरुवातीला एवढी नमने कशाला, उपमांच्या एवढ्या राशी कशाला, नायक साक्षात देव असेल तर गोष्टीत राम तो काय उरतो. अशा प्रश्नांची मला जमतील तशी उत्तरे इथे दिली आहेत. बरीचशी उदाहरणे एकाच ग्रंथातली आहेत. तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे 'ख्रिस्तपुराण'. गोव्यातल्या साष्टीत, रायतूरला म्हणजे राशोलला, १६१६ साली तो पहिल्यांदा छापला गेला. त्यात कथा एका परंपरेची आहे आणि सांगण्याची रीत दुसऱ्या परंपरेची. इतर ग्रंथांत संकेत कथेत इतका मुरलेला असतो की वेगळा काढून दाखवता येत नाही. इथे सांधा उघडा दिसतो.

'महाकाव्याचे संकेत' म्हणजे नेमके काय? ते नियम आहेत का?

नियम नव्हेत, वहिवाट म्हणा. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यादर्शा'त महाकाव्याची लक्षणे सांगितली आहेत. काव्य सर्गांत, म्हणजे अध्यायांत, बांधलेले असावे. आरंभी आशीर्वाद, नमस्कार किंवा वस्तुनिर्देश असावा. नायक चतुर आणि उदात्त असावा. नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय यांची वर्णने असावीत. विरह, विवाह, पुत्रजन्म, मसलत, दूत, स्वारी, युद्ध आणि शेवटी नायकाचा अभ्युदय असावा. एवढी लांबलचक यादी देऊन झाल्यावर तोच पुढे सांगतो की यातले एखादे अंग कमी असले तरी बाकीची संपदा जाणकारांना रिझवत असेल तर काव्य दूषित होत नाही. यादी पाठ करणाऱ्यांच्या नजरेतून हे वाक्य नेमके निसटते.

ग्रीक आणि लॅटिन परंपरेची यादी वेगळी आहे: काव्यदेवतेला आवाहन, कथेची मधूनच सुरुवात, ठरावीक विशेषणे, लांब उपमा, योद्ध्यांच्या किंवा जहाजांच्या याद्या, देवांच्या सभा, पाताळात उतरणे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर बरेच काही जुळते आणि जे जुळत नाही तेही बोलके असते.

एक घोटाळा आधीच टाळलेला बरा. चकोर चांदणे पितो, हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, यांना मराठीत 'कविसंकेत' म्हणतात. इथे आपण त्यांच्याबद्दल बोलत नसून संबंध काव्यप्रकाराच्या रचनेतल्या संकेतांबद्दल बोलत आहोत.

मग पुराण आणि महाकाव्य यांत फरक काय?

पुराणाची पाच लक्षणे सांगतात: सर्ग म्हणजे सृष्टीची उत्पत्ती, प्रतिसर्ग म्हणजे लय आणि पुन्हा निर्मिती, वंश, मन्वंतरे म्हणजे एकेका मनूचे काळखंड, आणि वंशानुचरित म्हणजे राजवंशांची चरित्रे. महाकाव्य एका नायकाभोवती फिरते. पुराणाला साऱ्या काळाचा हिशेब मांडायचा असतो.

ही पाच लक्षणे मनात ठेवून बायबलकडे पाहा. आरंभी सृष्टीची उत्पत्ती आहे, मग जलप्रलय आणि त्यानंतर नव्याने मांडलेला संसार. पुढे वंशावळ्या येतात, राजांची आणि संदेष्ट्यांची चरित्रे येतात, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच मुळी वंशावळीने होते. आपल्या ग्रंथाला 'पुराण' म्हणणे स्टीफन्सना साधले ते यामुळे. हातातल्या कथेचा सांगाडाच पुराणाच्या जवळचा होता. त्यांनी ग्रंथाचे दोन भाग केले. 'पहिले पुराण' उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंत येते. त्याचे ३६ अवस्वरू आहेत (अध्यायाला ते 'अवस्वरू' म्हणतात). 'दुसरे पुराण' ५९ अवस्वरूंचे असून त्यात ख्रिस्तचरित्र आहे. सगळ्या मिळून ओव्या जवळजवळ अकरा हजार.

सुरुवातीला मंगलाचरण का असते? ते गाळून वाचले तर चालेल का?

गाळू नका. कवीची श्रद्धा कुठे टेकली आहे ते पहिल्या दहा ओव्यांत जितके कळते तितके पुढच्या शंभर पानांतही कळत नाही.

ज्ञानेश्वरीचा आरंभ आठवा: 'ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या'. पुढे गणेश येतो, पण सोंड आणि मोदक घेऊन नुसता उभा राहत नाही. वेद ही त्याची मूर्ती, स्मृती त्याचे अवयव, अठरा पुराणे त्याचे अलंकार, सहा दर्शने त्याचे हात. वंदन करता करता ज्ञानदेव आपला सगळा ज्ञानव्यवहार त्या देहावर मांडून दाखवतात. त्यानंतर शारदा, आणि मग गुरू निवृत्तिनाथ.

आता ख्रिस्तपुराणाची पहिली ओवी मोठ्याने म्हणून पाहा:

वो नमो विश्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीच्या रचणारा

'वो नमो' कानावर पडते ते 'ॐ नमो'सारखेच. 'विश्वभरिता' हा शब्दही श्रोत्याच्या ओळखीच्या वळणाचा. पण दुसऱ्या चरणात 'देवा बापा' येते. सर्वसमर्थ देवाला मंगलाचरणातच 'बापा' म्हणून हाक मारायची आणि तीही पित्यापासून सुरू होणाऱ्या त्रैक्यातला (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) पहिला म्हणून, हे त्या श्रोत्याला नवे होते. चौथा चरण तर ख्रिस्ती मतांगीकारातले, म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्यातले, वाक्यच आहे: स्वर्ग आणि पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता. चार चरणांत दोन जुने धागे, दोन नवे. पुढच्याच ओवीत त्या देवाला 'रिद्धी सिद्धीचा दातारु' म्हटले आहे. हे विशेषण एरवी कुणाला लावतात ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही. गणेशाची जागा रिकामी ठेवलेली नाही. त्या जागी दुसरा देव बसवला आहे आणि आसन तेच ठेवले आहे.

इंग्रज कवी मिल्टननेही 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात (१६६७) असेच केले. आरंभी काव्यदेवतेला हाक मारायची हा होमरपासूनचा संकेत. मिल्टन हाक मारतो, पण ती होरेब किंवा सीनाय पर्वतावर मोशेला स्फूर्ती देणाऱ्या 'स्वर्गीय' देवतेला. तिसऱ्या सर्गात तो प्रकाशाला आवाहन करतो आणि तिथेच आपल्या अंधत्वाबद्दल बोलतो. प्रकाशाला नमन करणारा माणूस आंधळा आहे, हे लक्षात आले की त्या ओळींतून सहजी बाहेर पडता येत नाही. स्टीफन्सचा ग्रंथ त्याच्या आधी ५१ वर्षे छापला गेला, हे सांगताना मला दर वेळी आनंद होतो.

कथा मधूनच का सुरू होते? आपल्याकडे तर उत्पत्तीपासून सांगतात.

होमरचे 'इलियड' ट्रॉयच्या युद्धाच्या दहाव्या वर्षी सुरू होते. मिल्टन त्याच वाटेने जातो. पडदा उघडतो तेव्हा सैतान हरून नरकात पडलेला आहे. स्वर्गातले युद्ध आपल्याला फार पुढे कळते, तेही राफाएल हा देवदूत आदामाला सांगतो म्हणून.

आपल्याकडे दुसरी युक्ती आहे, चौकटीची. महाभारत शंतनूपासून सुरू होत नाही. नैमिषारण्यात शौनकाचे बारा वर्षांचे सत्र चालले आहे, तिथे उग्रश्रवा सौती येतो, ऋषी त्याच्याभोवती जमतात आणि विचारतात. तो जे सांगतो ते वैशंपायनाने जनमेजयाला सर्पसत्रात सांगितलेले आहे. आपणही त्या ऋषींच्या मागे जाऊन बसतो. कथा उत्पत्तीपासून सुरू झाली तरी सांगणे मधूनच सुरू झालेले असते, कारण विचारणाऱ्याला काहीतरी निकड असते. जनमेजयाला आपल्या घराण्याचा इतिहास हवा आहे, आणि समोर साप जळत आहेत.

ख्रिस्तपुराणात ही निकड एका नव्याने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाच्या तोंडी घातली आहे. धर्मशिक्षण ऐकून झाल्यावर तो पाद्री गुरूला म्हणतो: शिकवता ते चांगलेच आहे, पण आमच्या जुन्या पुराणांच्या जागी आम्हाला आमच्या भाषेत दुसरे पुराण हवे. पाद्री सांगू लागतो. सूत आणि शौनक यांच्या जागा भरल्या की पुराण सुरू होते, हे या कवीला पक्के ठाऊक होते.

शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो. मग ऐकण्यात गंमत काय?

वाल्मीकिरामायणाच्या पहिल्याच सर्गात नारद सगळी रामकथा थोडक्यात सांगून टाकतो. पुढे काय झाले ही उत्सुकता पहिल्या घासालाच संपते. उरते ती 'कसे झाले' याची ओढ. कैकेयीची वेळ आली की श्रोत्याच्या पोटात गोळा येतो तो त्याला पुढचे ठाऊक असते म्हणूनच.

नायकच देव असेल तर संघर्ष कसला?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि चांगल्या कवींनी तो टाळलेला नाही.

महाकाव्याला असा नायक लागतो जो चुकू शकतो, हरू शकतो, रडू शकतो. भक्ताला असा देव लागतो जो यातले काहीच करणार नाही. दोघांना एका देहात बसवायचे तर कुठेतरी ताण पडणारच. तो प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने सोसला आहे. वाल्मीकीच्या युद्धकांडात रावणवधानंतर देव रामाला तो कोण आहे हे सांगायला येतात, तेव्हा राम म्हणतो: 'आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्'. मी स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा राम. संबंध काव्याचा भार या एका ओळीवर आहे असे मला वाटते. सीतेसाठी अरण्यात रडणारा राम खराच रडत होता.

पुढे भक्तीची परंपरा घट्ट झाली तसे हे रडणे भक्तांना सोसेना. अध्यात्मरामायणात रावण नेतो ती मायासीता, खरी सीता अग्नीत सुरक्षित असते. देवाच्या बाजूने पाहिले तर गाठ सुटली. काव्याच्या बाजूने पाहिले तर हरणाची व्यथा हलकी झाली. कुठला कवी कुठली बाजू उचलतो ते पाहत वाचा.

ख्रिस्तकथेत ही अडचण आणखी तीव्र होते. दंडीच्या यादीत शेवटी नायकाचा अभ्युदय आहे, आणि इथे नायकाला गुन्हेगारांबरोबर क्रुसावर मारले जाते. आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत तो 'हा प्याला माझ्यापासून टळो' अशी विनवणी करतो. अभ्युदय येतो, पण मरणातून जाऊन, पुनरुत्थानाच्या रूपाने. लॅटिनमध्ये मार्को जिरोलामो विदाने १५३५ साली व्हर्जिलच्या वळणाने ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य छापले, तेव्हा त्यालाही याच चिंचोळ्या वाटेने जावे लागले.

मिल्टनच्या काव्यात नायक कोण यावर वाद अजून मिटलेला नाही. सैतानाची भाषणे इतकी जोमदार आहेत की पुष्कळ वाचक त्यालाच नायक मानतात. मला हा वाद अपुरा वाटतो. मिल्टनने जुन्या महाकाव्यातला सगळा रुबाब, म्हणजे भाला, ढाल, सैन्य, भाषणे, मुद्दाम सैतानाला दिला. पुढे नवव्या सर्गात तो सांगतो की धीर धरणे आणि हौतात्म्य पत्करणे हेच खरे शौर्य, आणि ते आजवर कुणी गायले नाही.

युद्ध नसेल तर महाकाव्य होते का?

होते. युद्धाची जागा मोह, तप, छळ किंवा वादविवाद घेतो. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूला तीन वेळा मोहात पाडू पाहतो. रचनेच्या दृष्टीने ते द्वंद्वयुद्धच आहे. आव्हान, उत्तर, पुन्हा आव्हान.

उपमांवर उपमा का रचतात? कथा थांबते ना?

थांबते, आणि थांबावी म्हणूनच उपमा असते. ऐकणाऱ्याला मागे वळून पान उलटता येत नाही. महत्त्वाची जागा आली की कवी तिथे चार उपमांचे मुक्काम करतो, म्हणजे ती मनात बसते.

ख्रिस्तपुराणातली मराठीची स्तुती बऱ्याच जणांना पाठ असते:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कीं रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

'हरळ' म्हणजे खडा. धान्य निवडताना बोटाला लागतो तो. खड्यांच्या राशीत रत्नाची ठिणगी चमकावी, हे झाले पहिल्या चरणात. दुसऱ्यात पायरी चढते: आता सगळी रत्नेच आहेत आणि त्यांत निळा हिरा. म्हणजे मराठी इतर भाषांहून बरी एवढेच म्हणायचे नाही, चांगल्यांतही चोख म्हणायचे आहे. पुढच्या ओव्यांत फुलांमधली मोगरी येते, सुवासांमधली कस्तुरी येते, पक्ष्यांमधला मोर, झाडांमधला कल्पतरू, ताऱ्यांमधल्या बारा राशी. डोळा, नाक, मग आकाश. एकेका ज्ञानेंद्रियाला हात लावत कवी वर जातो. इंग्लंडात जन्मलेला आणि १५७९ साली गोव्यात उतरलेला माणूस हे लिहितो तेव्हा नुसती भाषा शिकून भागलेले नसते. 'जैसी... तैसी'ची ही माळ ज्ञानेश्वरीच्या घरातली आहे, तिच्या सुरात कान भिजलेला असावा लागतो. 'परि अमृतातेंही पैजा जिंके' या ज्ञानदेवांच्या अभिमानाशी ही ओवी सरळ नाते सांगते.

पाश्चात्त्य महाकाव्यातली उपमा वेगळ्या अंगाने वाढते. एकच उपमा घेऊन कवी तिच्यात शिरतो आणि तिथे दुसरे जग उभे करतो. सैतानाची ढाल चंद्रासारखी, एवढ्यावर मिल्टन थांबत नाही. तो चंद्र कसा? दुर्बिणीतून पाहिलेला, डागांसकट. पडलेल्या देवदूतांना तो शरदातल्या गळलेल्या पानांची उपमा देतो. ती पाने होमरपासून उडत आलेली आहेत: होमरने माणसांच्या पिढ्यांना पाने म्हटले, व्हर्जिलने नदीकाठच्या मृतात्म्यांना, दान्तेनेही तसेच. उसनी उपमा म्हणून कुणी नाक मुरडले नाही. आधीच्याने वापरलेली पाने हाती घेणे म्हणजे त्याच्या पंगतीला बसणे.

ओवीच का? श्लोक किंवा आर्या का नाही?

ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा बहुधा आखूड व मोकळा असतो. तो मोकळा चरण फार कामाचा. तिथे श्वास घेता येतो, वाक्य संपवता येते किंवा पुढच्या ओवीत सोडता येते. वर दिलेल्या 'वो नमो'त पाहा: भरिता, समर्था, वंता अशी तीन ठोक्यांची लय बसते आणि 'रचणारा'पाशी ती सुटते. लांब कथा सांगायला असा सैल सांधा हवाच. अक्षरगणवृत्तात कथा सांगता येते, पण दहा हजार कडव्यांत सांगणाऱ्याचीही दमछाक होते आणि ऐकणाऱ्याचीही. मिल्टनने यमक झुगारून निर्यमक पद्य घेतले त्यामागेही हेच गणित होते. वाक्य चरणाच्या बाहेर वाहू द्यायचे.

धार्मिक काव्यात शृंगाराची वर्णने शोभतात का?

याचे उत्तर मराठीत फार जुने आहे. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपाळवध' लिहिला. काव्य उत्तम वठले. महाकाव्याला साजेशी वर्णने, शृंगार, सगळे त्यात होते. पंथातल्या जाणत्याला दाखवल्यावर अभिप्राय आला तो असा: ग्रंथ चांगला झाला, पण निवृत्ताजोगा झाला नाही, प्रवृत्ताजोगा झाला. भास्करभट्टांनी मग भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' लिहिली.

मला यात दोघांचेही पटते. संकेत पूर्ण पाळला म्हणून काव्य रसाळ झाले, आणि पूर्ण पाळला म्हणूनच ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्या उपयोगाचे राहिले नाही. शृंगार वाईट असतो असे यातून निघत नाही. रुक्मिणीस्वयंवरावर मराठी संतकवींनी आणि पंडितकवींनी किती प्रेमाने लिहिले आहे! तिथे विवाह हाच भक्तीचा अर्थ होऊन बसतो. अडते ते वर्णन कथेच्या हेतूपासून सुटे पडले की.

एका धर्माचे संकेत घेऊन दुसऱ्या धर्माची कथा सांगणे हा दिखावा नाही का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतली देवळे पाडली गेली होती. गोव्यात धर्मन्यायासन (इन्क्विझिशन) १५६० पासून चालू होते. जुने धर्मग्रंथ बाळगणे धर्मांतरितांना मना होते. पोथ्या हिरावून घेतल्या गेल्या, म्हणूनच त्या ब्राह्मण श्रोत्याला 'दुसरे पुराण द्या' म्हणावे लागले. हे विसरून ग्रंथाचे नुसते कौतुक करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

तरीही 'दिखावा' हा शब्द मला पटत नाही. वरवरचा पोशाख घालणारा माणूस अकरा हजार ओव्यांपर्यंत टिकत नाही. प्रस्तावनेत स्टीफन्स आपली अडचण सरळ सांगतात: या देशातल्या भाषांत देवाच्या गोष्टी निरूपण करायला मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवीश्वरांची अवघड 'उतरे' म्हणजे शब्द सांडून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे आजच्या कोकणीतले, सोपे शब्द मिसळले. कुठला शब्द श्रोत्याच्या कानाला अडेल याचा इतका विचार करणारा कवी श्रोत्याला तुच्छ मानत नसतो. त्या ओव्यांमागे जबरदस्ती आहे आणि प्रेमही आहे. मला वाचताना दोन्ही एकदम दिसतात, आणि एकाने दुसरे पुसले जात नाही.

'वैकुंठ' म्हटल्यावर अर्थ बदलत नाही का?

बदलतो, आणि कवीला तो धोका पत्करावा लागतो. ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे. शब्दाबरोबर विष्णूही येणार, हे उघड आहे. पण परका शब्द घातला असता तर श्रोत्याच्या मनात कुठलेच चित्र उभे राहिले नसते. स्टीफन्स दोन्ही करतात: स्थळांना आणि गुणांना देशी शब्द, तर विधींना आणि काही संज्ञांना पोर्तुगीज किंवा लॅटिन वळणाचे शब्द. त्या सीमेवर कुठला शब्द कुठे ठेवला ते तपासत जा. त्यांना कुठे घोटाळा चालला असता आणि कुठे मुळीच चालला नसता, ते त्यावरून कळते.

फलश्रुती काव्याचा भाग मानावी का?

मानावी. 'हे ऐकेल त्याला अमुक मिळेल' ही ओळ आजच्या वाचकाला जाहिरातीसारखी वाटते. पण तिच्यामुळे ऐकणारा कथेच्या आत येतो. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' किंवा 'शिवलीलामृत' घरोघर वाचले गेले ते केवळ गोष्टीसाठी नव्हे. वाचणे हीच एक कृती होती आणि तिला फळ होते. ज्ञानदेवांनी हा संकेत केवढा उंच नेला पाहा. शेवटी फळ मागायचेच, तर त्यांनी ते साऱ्या प्राणिमात्रांसाठी मागितले. पसायदानाचा सांगाडा फलश्रुतीच्या शेजारचाच आहे.

परीक्षेत 'संकेत दाखवा' असा प्रश्न येतो. काय लिहू?

यादी दोन ओळींत उरका. मग एकच संकेत घ्या, मंगलाचरण घ्या किंवा उपमा घ्या, आणि कवीने तो कुठे जुन्यासारखा ठेवला व कुठे वाकवला ते एका ओवीवर बोट ठेवून दाखवा.

ख्रिस्तपुराणानंतर मराठीत असे प्रयत्न झाले का?

झाले. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुवा यांनी संत पेत्रूवर पुराण रचले, ते १६२९ साली गोव्यात छापायला लागले. फार पुढे, विसाव्या शतकात, नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले. १९१९ साली ते गेले तेव्हा ग्रंथ अपुरा होता, तो लक्ष्मीबाईंनी पुढे नेला. नावातच संकेत बदललेला दिसतो: पुराणाऐवजी आता रामायणाचे वळण. अपुरा ग्रंथ दुसऱ्याने पुरा करणे हीदेखील आपल्याकडची जुनी रीत. एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत त्यांचे, पुढचे त्यांचा शिष्य गावबा याचे.

वाचायला कुठून सुरुवात करू?

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. त्या रोमन लिपीत होत्या. जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून मंगळूरला १९०७ साली रोमन लिपीतच आवृत्ती काढली आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरीत. देवनागरी प्रत मिळाली तर तीच घ्या. पहिला अवस्वरू बसल्या बैठकीला संपवा आणि अडलेल्या शब्दांपाशी थांबू नका. तोंडाने म्हणत गेलात की 'भासा', 'उतरे', 'आंकवारी' हे शब्द तिसऱ्या-चौथ्या वेळी आपोआप कळू लागतात. 'आंकवारी' म्हणजे कुमारी, मारियेसाठी आलेला शब्द. चौथ्या चरणाला आवाज खाली आणा, क्षणभर थांबा आणि पुढची ओवी उचला.